रणात गेलेली माणसं आणि आजचं मतदान : खान्देशात काही नातं लागतं का?

तापीकाठ (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात सासुरवाडीच्या लग्नाला साताऱ्याला गेलो होतो. हळद आणि लग्नाच्या मध्ये एक दिवस मोकळा होता, म्हणून मेहुण्याने अपशिंग्याला नेलं. या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' असंच लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मेले. गावात त्यांची शिळा आहे. इंग्रजांनी अशा शिळा गावोगाव बसवल्या होत्या : या गावातून एवढे गेले, त्यातल्या एवढ्यांनी प्राण दिले.

परत येताना मेहुणा गाडी चालवता चालवता म्हणाला, "दाजी, तुमच्याकडं असलं काही नाही. म्हणून तुमचं मत वारं येईल तिकडं जातं. आमच्या मताला मागं रक्त आहे."

लग्नघर असल्यामुळे गप्प बसलो, पण ते डोक्यातून जाईना. सोमवारी ऑफिसात विषय काढला तर एका सहकाऱ्यानेही तसंच सांगितलं. ज्या भागाची माणसं लढाईत जास्त गेली तो भाग पुढच्या पिढ्यांत एकाच बाजूला कडक झुकतो, जगभर असंच असतं, म्हणे. जगभर म्हणजे कुठे, ते त्याला सांगता आलं नाही.

माझं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीकाठी. तिथे शिळा नाही. शाळेच्या भिंतीवर १९९९ नंतरच्या एका जवानाचा फोटो आहे आणि वेशीबाहेर एक शेंदूर फासलेला दगड आहे. आजी त्याला 'लढाईचा देव' म्हणायची. कुठल्या लढाईचा, ते तिलाही माहीत नव्हतं.

तर जाणकारांना विचारतो. खान्देशाने लढायांत काय गमावलं, आणि आज आपण बटण दाबतो त्याच्याशी त्याचा काही संबंध आहे का? पक्षांवरून भांडण नको. मेहुण्याला उत्तर द्यायचं आहे, एवढंच.

---

भरीत_पुरी

मेहुण्याला हिवाळ्यात बोलवा, मेहरूणला नेऊन भरीत खाऊ घाला. वाद मिटला.

(धागा चांगला आहे. वाचतोय.)

---

लळिंगचा_वारा

तापीकाठ, तुमच्या मेहुण्याची चूक एकाच ठिकाणी आहे. शिळा नाही म्हणजे माणसं गेली नाहीत, असं त्याने धरलं.

पानिपतानंतर आलेला सांकेतिक निरोप आठवा. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा कोण? खान्देशाची लढायांतली हानी बहुतेक सगळी या खुर्द्यात जमा आहे.

१८०२-०३ घ्या. होळकर, शिंदे आणि पेशवे यांच्या आपसातल्या भांडणात यशवंतराव होळकरांच्या फौजा खान्देशातून गेल्या आणि मुलूख लुटला. लगेच १८०३-०४ चा दुष्काळ आला, मागून पेंढारी आले. तापी-पांझरेकाठची गावंच्या गावं ओस पडली. १८१८ ला जॉन ब्रिग्ज इथला कारभार बघायला आला तेव्हा त्याच्या हाती लागला तो जंगल माजलेला मुलूख. हे लोक रणात मेले का? नाही. लढाईने मेले का? हो. त्यांची यादी कोणी केली का? कशाला करील? रयत होती.

आता जिथे यादी आहे तिथली गंमत. फेब्रुवारी १८१८, थाळनेर. सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने किल्ला घेतला, दरवाजात झालेल्या गोंधळात दोन इंग्रज अधिकारी पडले. त्याचा सूड म्हणून किल्ल्यातली जवळपास तीनशे माणसं कापली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला बुरुजावर फाशी दिली. खान्देशातली एका दिवसातली एवढी मोठी कत्तल दुसरी चटकन आठवत नाही. पण शिबंदीत मोठा भरणा अरबांचा होता. थाळनेरला मेलेले थाळनेरचे नव्हते! त्याच वर्षी मालेगावच्या वेढ्यात इंग्रजांची दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. किल्ला लढवणारे तिथेही अरबच.

थाळनेर आज शिरपूर तालुक्यात. शिरपूरला २०१४ पर्यंत काँग्रेसचा आमदार निवडून यायचा, २०१९ पासून भाजपचा येतो. आणि माणूस तोच, काशीराम पावरा. कारण तिथले पुढारी अमरीशभाई पटेल पक्ष बदलून गेले आणि तालुका त्यांच्या मागे गेला. बुरुज जागचा हलला नाही. शिरपूरकराला विचारा मत कशावर दिलं, तो नाल्यावरचे बंधारे दाखवील.

---

पांझरेकाठचा

लळिंगदादा, थाळनेर सोडा, ते पाहुण्यांचं मरण होतं. पण १८५७-५८ चं काय? भिल्लांच्या उठावाचे पुढारी खाजा नाईक, भीमा नाईक? ११ एप्रिल १८५८ ची आंबापाणीची लढाई? तिथे मेलेले भिल्ल इथलेच होते. पकडलेल्यांना उभं करून गोळ्या घातल्या. खाजा नाईकांना पुढे दगा करून मारलं. पारोळ्याचा किल्ला १८५९ ला जप्त करून पाडला तोही याच धामधुमीत. याचा परिणाम नाही म्हणता?

---

लळिंगचा_वारा

परिणाम आहे. मताच्या पेटीत तो कसा मोजायचा ते सांगा. आंबापाणी आज सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात. खाजा नाईक सांगवीचे, ते शिरपूर तालुक्यात. एकाच लढाईत मेलेल्यांचे पणतू आज दोन राज्यांत दोन वेगळ्या विधानसभांना मत देतात. शिवाय १८२५ पासून धरणगावला औट्रामची भिल्ल पलटण उभी होती, इंग्रजांच्या बाजूने. एका पाड्यातला एक भाऊ पलटणीत आणि दुसरा डोंगरात, असंही असणारच. त्या घराने कोणती बाजू धरायची?

---

केळीवाला_रावेर

मी इतिहासवाला नाही, पण मेहुण्याच्या बोलण्यातला दुसरा भाग कोणी धरला नाही. आपल्याकडे शिळा कमी, कारण त्या काळी आपल्याकडून पलटणीत गेलेच कमी. का कमी गेले?

पोट भरत होतं म्हणून. माण-खटावला पाऊस नाही, जमीन उथळ, पोरगा अठरा वर्षांचा झाला की भरती. वर इंग्रजांनी 'लढाऊ जाती' ठरवून ठेवलेल्या आणि भरतीची वाट सातारा-रत्नागिरीकडे पाडलेली. आपल्याकडे काळी जमीन आणि कापूस. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला आणि इथला भाव आभाळाला भिडला. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली. जळगावचा बाजार त्या पैशावर उठला. तिकडे सहा लाखांवर माणसं मेली आणि इकडे आपल्या पणज्यांनी माड्या बांधल्या! आमच्याच वाड्याच्या तुळया त्या वेळच्या, असं घरात सांगतात. खरं-खोटं देव जाणे. १८६५ ला लढाई संपली, भाव कोसळला आणि त्यातल्या निम्म्या माड्या सावकाराकडे गेल्या, हेही घरातच सांगतात.

म्हणजे लढाईत आपण गमावलं तसं कमावलंही. तो हिशेब मेहुण्याला दाखवायचा की नाही, तुम्ही ठरवा.

आज चित्र बदललंय. चाळीसगाव, पारोळा, भडगावकडची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. रावेर-यावलला तेवढी दिसत नाहीत. का? इकडे केळी आहे, पाट आहे, ट्यूबवेल आहे. जिथे पाणी नाही तिथला पोरगा भरतीला जातो. आणि जिथे पाणी नाही तिथलाच माणूस दर निवडणुकीला नवा दरवाजा ठोठावतो. दोन्ही एकाच नकाशावर दिसतात, म्हणून कोणी म्हणेल फौजेमुळे मत बदललं. अहो, दोन्हीला पाणी कारण.

---

माजी_हवालदार

नमस्कार मंडळी. मी २२ वर्षं नोकरी केली, आता शेती. मोबाइलवर लिहितो, चुका सांभाळून घ्या.

काय बी लिखी राहिनात राव. आकडा तुमना बराबर शेत, पण मानूस कोठे शे?

एक गोष्ट कोणी सांगितली नाही. १९६५ आणि १९७१ च्या लढाईत जो जवान गेला त्याचा देह गावात येत नव्हता. तिकडेच अग्नी दिला जायचा. घरी तार यायची, मग काही महिन्यांनी पेटी. त्यात कपडे, घड्याळ, पत्रं. आमच्या शेजारच्या गावात अशी एक पेटी आली होती, मी लहान होतो. त्या माऊलीने पेटी उघडलीच नाही. गावाने दोन दिवस चूल मंद ठेवली आणि संपलं. ना मिरवणूक, ना पुतळा, ना चौक.

कारगिलला, १९९९ ला, शवपेट्या घरोघर पाठवायला लागले, तिरंग्यात. तिथून सगळं बदललं. आता जवान गेला की पाच गावं गोळा होतात, कमानी लागतात, पालकमंत्री येतो, विरोधी पक्षाचाही येतो. दोघं एकाच गाडीच्या मागे पुष्पचक्र घेऊन उभे. म्हणजे हे जे तुम्ही 'लढाईच्या आठवणीचं राजकारण' म्हणता त्याचं वय पंचवीस वर्षं. त्याआधी मेलेल्यांचं राजकारण करायला काही उरलेलंच नव्हतं.

दुसरं, फौजी गावात मत देतच नाही. आमची मतं टपालाने. पूर्वी मतपत्रिका युनिटला पोचेपर्यंत कधी निकालसुद्धा लागून गेलेला असायचा. २००३ पासून गावातल्या माणसाला आपल्या वतीने मत द्यायला नेमता येतं. आता मतपत्रिका संगणकावर येते, पण भरून परत टपालानेच धाडायची. मी नोकरीत असताना सहा निवडणुका झाल्या, माझं मत बहुतेक दोनदाच मोजलं गेलं असेल. गावाचा निकाल बघून 'फौजींच्या गावाने अमक्याला दिलं' म्हणतात तेव्हा हसू येतं. दिलं ते फौजीच्या बापाने, आणि बापाच्या डोक्यात कापसाचा भाव होता.

आमच्या गावात एक वीरपत्नी आहे. तिच्या दारात सगळे पक्ष येतात, आणि ती सगळ्यांना चहा देते. मत कोणाला, ते तिच्या सासूलाही माहीत नाही. तिचं एक कागदाचं काम एका ऑफिसात चार वर्षं अडलं होतं. शेवटी ज्याने ते केलं तो कोणत्याच पक्षाचा नव्हता, त्या ऑफिसातला शिपाई होता.

---

भरीत_पुरी

हवालदार साहेब 🙏 पेटीचं वाचून हात थांबला.

---

एडिसनची_वहिनी

मी मूळची चोपड्याची, वीस वर्षांपासून अमेरिकेत. 'जगभर असंच असतं' म्हणणाऱ्या सहकाऱ्यासाठी इकडची दोन उदाहरणं देते.

पहिलं. व्हिएतनाममध्ये लोकसंख्येच्या मानाने सगळ्यांत जास्त माणसं गेली ती वेस्ट व्हर्जिनियाची. डोंगराळ, कोळशाच्या खाणींचं, गरीब राज्य. लढाईनंतर कितीतरी वर्षं ते डेमोक्रॅट पक्षाचं राज्य होतं. १९८८ ला देश बुशकडे गेला तेव्हाही हे डुकाकिसकडे राहिलं, आणि १९९२, १९९६ ला क्लिंटनकडे. २००० ला ते पलटलं आणि २०१६ ला ट्रम्पला तिथे दोन तृतीयांशाहून जास्त मतं पडली. मेलेले तेच, कबरी त्याच. खाणी बसल्या आणि खाण कामगारांच्या संघटना खचल्या.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. डग्लस क्रायनर आणि फ्रान्सिस शेन या दोन प्राध्यापकांनी २०१७ मध्ये मांडलं की इराक-अफगाणिस्तानात ज्या भागांची माणसं जास्त गेली तिथे २०१६ ला ट्रम्पची मतं अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनियासारख्या काठावरच्या राज्यांत एवढ्यानेही निकाल फिरला असता, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांनी लावलेला अर्थ बघा. तिथले लोक युद्धखोर झाले म्हणून मत दिलं, असं ते म्हणत नाहीत. लांबत चाललेल्या लढायांना कंटाळून, लढाई चालवणाऱ्यांना शिक्षा म्हणून दिलं, असं म्हणतात. म्हणजे सहकाऱ्याचा 'कडक झुकतो' हा सिद्धांत इथेही तसा बसत नाही. आणि हे मेलेले ताजे होते. दीडशे वर्षांपूर्वीचे नव्हते.

(इथे आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची आठवण काढायला बंदी आहे का?)

---

गणितमास्तर

बंदी नाही, पण ठेचाही सांगा.

आता जरा हिशेब. असा प्रश्न सोडवताना पहिली अडचण 'प्रदेश' या शब्दाची येते. १८१८ च्या खान्देशात मालेगाव, नांदगाव, बागलाण होतं. १८६९ ला नाशिक जिल्हा झाला आणि ते तिकडे गेलं. १९०६ ला पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले. पुढे तेच जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा. २००८ च्या फेररचनेत मतदारसंघ पुन्हा कापले. आज मालेगाव शहर धुळे लोकसभेत आहे, साक्री आणि शिरपूर नंदुरबार लोकसभेत. जुन्या लढाईची माणसं कोणत्या डब्यात टाकणार?

दुसरी अडचण, मत स्थिर नसतं. २०१९ ला धुळ्यात भाजपचे सुभाष भामरे दोन लाखांहून जास्त मतांनी आले. तेव्हा ते संरक्षण राज्यमंत्री होते आणि बालाकोट नुकतंच झालेलं. फौजेचा मुद्दा मतात उतरायचाच तर तेव्हा आणि तिथे. २०२४ च्या लोकसभेला तेच भामरे ३,८३१ मतांनी पडले, मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना दिलेल्या आघाडीमुळे. नंदुरबारला काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाहून जास्त मतांनी आले. आणि त्यानंतर सहाच महिन्यांनी विधानसभा. जळगावच्या ११, धुळ्याच्या ५ आणि नंदुरबारच्या ४ अशा वीस जागांपैकी एकोणीस महायुतीला, एकटं नवापूर काँग्रेसला. सहा महिन्यांत ना नवी लढाई झाली, ना जुनी पुसली. जी गोष्ट दोनशे वर्षं जागची हलत नाही, तिने सहा महिन्यांत फिरणारी गोष्ट कशी समजावणार?

आणि कारगिल. ५२७ जवान गेले. हिमाचलचे ५२. १९९९ च्या लोकसभेत हिमाचलच्या चारही जागा सत्ताधारी आघाडीकडे गेल्या. लगेच टाळी वाजवू नका. त्याच निवडणुकीत पंजाबने, म्हणजे फौजेत पिढ्यान्‌पिढ्या माणसं देणाऱ्या राज्याने, १३ पैकी ८ जागा काँग्रेसला दिल्या. उत्तर प्रदेशात, ज्यात तेव्हा गढवाल-कुमाऊंही होतं, भाजप ५७ वरून २९ वर आला. पहिलं उदाहरण घेऊन थांबलात तर सिद्धांत सिद्ध. तिन्ही घेतलीत तर पाटी पुसून पुन्हा मांडा.

---

पांझरेकाठचा

मास्तर, मग सगळं शून्य? १९५७ ला धुळ्याने जनसंघाचा खासदार दिला. देशात जनसंघाचे चार आले, त्यातले एक वाजपेयी आणि एक आपले उत्तमराव पाटील. हेच उत्तमराव १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याचा खजिना लुटणाऱ्यांत होते. बेचाळीसच्या लढ्याचं रक्तच त्यांच्या मागे होतं ना?

---

लळिंगचा_वारा

थांबा, थांबा. ही गल्लत दर दोन वर्षांनी होते. चिमठाण्याचे ते डॉ. उत्तमराव पाटील, डांगरीचे, स्वातंत्र्यसैनिक लीलाताई पाटलांचे यजमान. १९५७ चे खासदार उत्तमराव पाटील वेगळे. नाव एक, माणसं दोन. आणि १९५७ ला हवा संयुक्त महाराष्ट्राची होती. पुढच्याच, १९६२ च्या निवडणुकीत जनसंघाला ती जागा टिकवता आली नाही.

चिमठाण्याचा विषय काढलाच आहात तर तापीकाठच्या मेहुण्यासाठी एक : धुळ्याहून नंदुरबारला चाललेला साडेपाच लाखांच्या आसपासचा सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यात अडवला, तेव्हा जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी ही साताऱ्याच्या प्रतिसरकारची माणसं इथे येऊन राहिली होती. त्यांना पोटाशी धरलं खान्देशाने. त्याला म्हणावं, रक्त तुमचं असेल, पण भाकरी आणि लपायची जागा आमची होती.

---

पांझरेकाठचा

मान्य. दोन उत्तमराव. कान पकडले.

---

नंदुरबारची_पोर

मग नंदुरबारचं मीच बोलते. आमच्याकडे तर यादी आहे, नावानिशी. ९ सप्टेंबर १९४२. शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती. तिरंगा घेऊन निघालेली पोरं, पोलिसांच्या गोळ्यांनी गेली. शिरीषकुमार सोळाही पूर्ण नव्हता. चौकात स्मारक आहे, दर वर्षी शाळेची मुलं जातात, मीही जायचे, पांढरा फ्रॉक घालून, उन्हात उभी राहून चक्कर येईपर्यंत.

आणि नंदुरबार पुढे कितीतरी दशकं काँग्रेसचं. माणिकराव गावित १९८१ पासून सलग नऊ वेळा खासदार. बाहेरचा माणूस दोन टोकं जोडून मोकळा होतो. बेचाळीसला रक्त सांडलं, म्हणून काँग्रेस.

पण आतून बघा. शिरीषकुमार शहरातल्या गुजराती व्यापारी घरातला. माणिकरावांना निवडून देणारी मतं अक्राणी, अक्कलकुवा, नवापूरच्या पाड्यांतली. त्या पाड्यांतल्या किती घरांत शिरीषकुमारचा फोटो आहे? माझी आई नवापूरकडची, तिच्या घरात इंदिराबाईंचा होता. रेशन, जमिनीचा पट्टा, आश्रमशाळा यांवर ती मतं टिकली. पाड्यांची स्वतःची मोजणी तर वेगळीच आहे. १९७१ चं पाटीलवाडी प्रकरण (जमीनदारांनी आदिवासींवर गोळ्या झाडल्या ते), त्यातून उभी राहिलेली अंबरसिंग सुरतवंतींची चळवळ आणि शहाद्याची श्रमिक संघटना, मग नर्मदेवरच्या सरदार सरोवरात बुडालेलं मणिबेली गाव. त्यांना कोणी युद्ध म्हणत नाही म्हणून ते या धाग्यात येत नाही, एवढंच.

२०१४ आणि २०१९ ला हीना गावित भाजपकडून आल्या, २०२४ ला पुन्हा काँग्रेस. स्मारक तिथेच आहे. ९ सप्टेंबरला हार घालायला सगळे येतात, क्रम ठरलेला नसतो म्हणून थोडी ढकलाढकलीही होते.

---

सातपुडा_एक्सप्रेस

सगळं ठीक, पण [...] पक्षाच्या लोकांना शहीदांचं नाव घ्यायचा अधिकारच नाही. यांनी काय केलं

---

चावडी_व्यवस्थापक

वरचा प्रतिसाद अर्धा कापला आहे. पक्षांचा हिशेब दुसऱ्या धाग्यावर करा. इथे हवालदारांनी जे लिहिलं ते वाचून मग लिहा.

---

माजी_हवालदार

राहू द्या हो. पोरगं तरुण शे. भरतीला ये म्हणावं, दौड मी घेतो.

---

केळीवाला_रावेर

नंदुरबारची_पोर यांच्यामुळे एक लक्षात आलं. मी सगळं पाण्यावर नेलं, ते जरा जास्त झालं. स्मारकाचा मतावर परिणाम नसेल, पण उमेदवारीवर असतो. भाषण कोणी कुठे करायचं, प्रचाराचा नारळ कुठे फोडायचा, हे स्मारक ठरवतं. मत देणारा मात्र घरी जाऊन दुसराच विचार करतो.

---

तापीकाठ (धागाकर्ता)

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी जाऊन आलो, म्हणून उशीर. बहिणी आल्या होत्या, झोके, सांजोरी, सगळं झालं. संध्याकाळी पारावर हा विषय काढला.

आधी कोणाला काही कळेना. मग सत्तरी ओलांडलेले एक आप्पा म्हणाले, "मना आजा सांगे, होळकरनी फौज उनी तवय आपलं गाव नदीना त्या बाजूले व्हतं." म्हणजे आमचं गाव मूळचं या काठावरचं नाही! जाळपोळीनंतर उठून इकडे आलं. खरं असेल तर लळिंगदादांचा खुर्दा म्हणजे आमचेच लोक. जुनी जागा कुठे विचारलं तर आप्पांनी बोरीपलीकडे हात केला. तिथे आता कोणाचा तरी कपाशीचा तुकडा आहे.

मग मी त्या शेंदराच्या दगडाकडे गेलो. नारळाच्या कवट्यांचा हा ढीग! एका पोराला विचारलं, इतके नारळ कोण फोडतं? म्हणाला, "विधानसभेले फोडलेत. सगळाच येतस आठे. पहिला नारळ आठे, मंग गावमा." किती उमेदवार आले? त्याने बोटं मोजली, चार. चौघांनी तापीवरच्या पाडळसे धरणाचा शब्द दिला का? "मंग! तो ते देवालेच पडस."

दगड नीट बघितला. शेंदराचा थर बोटभर जाड आहे. खाली काही कोरलेलं असावं, घोडा किंवा माणूस, हाताला उंचवटा लागतो. खरवडून बघावं असं वाटलं, पण आप्पा मागेच उभे होते.

मेहुण्याला फोन केला. चिमठाण्याचं सांगितलं, तर त्याला बापू लाडांचं माहीत होतं, खान्देशाचं नव्हतं. मग साताऱ्याचं विचारलं. शिळा तीच, आणि तुमचा खासदार १९९६ ला शिवसेनेचा, १९९९ पासून राष्ट्रवादीचा, २०२४ ला भाजपचा. २०१९ च्या पोटनिवडणुकीत तर भाजपच्या उदयनराजेंना तुम्हीच पाडलंत, आणि २०२४ ला त्याच पक्षाकडून त्यांनाच निवडून दिलंत. मागचं रक्त नेमकं कोणत्या वर्षी बोललं? तो म्हणाला, "दाजी, हे फोनवर नको. समोरासमोर बोलू."

डिसेंबरात येतोय. भरीत_पुरी, मेहरूणला कोणाकडे न्यायचं ते कळवा.

---

भरीत_पुरी

व्यक्तिगत निरोप केला आहे. वांगी बामणोदचीच घ्या, आणि हवालदारांनाही बोलवा.